माहितीपत्रक वाचलं, आता माझं ऐका

शेफील्ड, रविवार

ती. आई आणि ती. बाबा,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर हे नीट बोलता येत नाही. बाबा स्पीकर लावतात, आई स्वयंपाकघरातून उत्तर देते आणि मुद्द्याचं वाक्य आलं की नेमकी कुकरची शिट्टी होते. म्हणून आज सरळ पत्रच लिहायला घेतलं.

मुळशी रस्त्यावरच्या त्या ज्येष्ठांच्या वसाहतीचं माहितीपत्रक वाचलं. आपली सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली की दोन-तीन वर्षं बाहेर राहावं लागणारच, मग कायमचंच तिकडे का जाऊ नये, हा बाबांचा हिशेब मला कळतो. तिथे लिफ्ट आहे. रात्री-अपरात्री बोलावलं तर येणारी नर्स आहे (आई आधी त्या नर्सचीच परीक्षा घेईल, ती गोष्ट वेगळी). समवयस्क शेजार आहे. या कारणांसाठी जायचं असेल तर खुशाल जा. पण बाबा, तुम्ही पहिलं कारण सांगितलंत ते "तिथे ॲक्टिव्हिटीज भरपूर आहेत" हे. माझं भांडण तेवढ्याशीच आहे.

त्या पानावर सोमवारी योग, मंगळवारी भजन, बुधवारी चित्रकला, गुरुवारी तंबोला आणि शुक्रवारी 'तज्ज्ञांचे व्याख्यान' असा आठवडा आखून दिलाय. वर 'आजीवन शिक्षण' असा मथळा. मला विचाराल तर हे दिवस ढकलण्याचं वेळापत्रक आहे. शिकण्याचं असतं तर वर्षाअखेर माणसाला असं काहीतरी करता आलं असतं, जे आधी येत नव्हतं. तंबोला आईला आत्ताही येतो.

इथे निवृत्तांचं एक 'विद्यापीठ' आहे, युनिव्हर्सिटी ऑफ द थर्ड एज. सगळे त्याला यू-थ्री-ए म्हणतात. कल्पना मुळात फ्रान्सची. 1973 मध्ये तुलूजच्या विद्यापीठात ज्येष्ठांसाठी वर्ग निघाले, तिथे प्राध्यापक शिकवत. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ती ब्रिटनमध्ये आली, तेव्हा इथल्या लोकांनी प्राध्यापकांनाच वगळून टाकलं. सभासदांनीच सभासदांना शिकवायचं. प्रवेशाला अट नाही, परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. ज्याला जे येतं त्याने त्याचा गट काढायचा आणि दुसऱ्याच्या गटात आपण मुकाट्याने विद्यार्थी होऊन बसायचं. कुणाच्या दिवाणखान्यात, लायब्ररीत, चर्चच्या हॉलमध्ये हे गट भरतात. आमच्या गल्लीतल्या एक बाई जन्मभर बस चालवत होत्या, त्या आता खडकांचा गट चालवतात. परवा भर पावसात त्यांनी मला फाटकापाशी उभं करून चुनखडक कसा ओळखायचा ते समजावलं. मी भिजत होते, पण त्यांचा उत्साह बघून निघताही येईना. मला या साऱ्यात आवडतं ते एवढंच की तिथे कुणी नुसता पाहुणा नसतो.

आता तुम्ही म्हणाल, पुण्यात आम्हाला हे सांगतेस? मान्य आहे. ऐकायला पुण्यात कधीच काही कमी पडलं नाही. वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली सुरू केली, आणि टिळक स्मारकात तिसऱ्या रांगेत कोपऱ्यावरची खुर्ची बाबांची. पण बाबा, राग मानू नका, व्याख्यान ऐकणं ही करमणूक आहे. उत्तम करमणूक आहे, पण करमणूकच. घरी येऊन तुम्ही वक्त्याच्या चुका काढता, आई भाजी निवडता निवडता हुंकार देते आणि दुसऱ्या दिवशी वेगळा वक्ता, वेगळा विषय.

अमेरिकेत डॅलसच्या संशोधकांनी याबद्दल एक प्रयोग केला होता, 2014 मध्ये तो प्रसिद्ध झाला. साठ ते नव्वद वयाची माणसं घेतली. काहींना डिजिटल फोटोग्राफी शिकवली, काहींना क्विल्टिंग, म्हणजे आपली गोधडीच म्हण ना आई, आणि काहींना नुसतं एकत्र जमवून गप्पा, खेळ, सहली दिल्या. आठवड्याला पंधरा-एक तास, तीन महिने. स्मरणशक्तीत फरक पडला तो नवं आणि अवघड काही शिकणाऱ्यांच्या. नुसत्या गप्पा मारणाऱ्यांना तेवढा फायदा झाला नाही. एका प्रयोगावर फार इमले बांधू नयेत हे मलाही कळतं. पण अडखळायला लावणारं काहीतरी हवं, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही.

म्हणून बाबांसाठी माझ्या मनात मोडी आहे. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत पणजोबांच्या जमिनीचं ते मोडी लिपीतलं खरेदीखत पडलंय. दर दिवाळीच्या साफसफाईत आपण ते उघडतो, "वाचून घ्यायला हवं कुणाकडून तरी" म्हणतो आणि परत ठेवतो. कुणाकडून तरी कशाला? सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, इतिहासाचार्य राजवाड्यांनी 1910 मध्ये उभं केलेलं. तिथे मोडीचे वर्ग होतात. यंदाचे कधी आहेत ते समक्ष जाऊन विचारा. फोनवर विचाराल तर तुम्ही त्यांच्याशीही वाद घालाल. मोडी शिकायला अवघड म्हणजे खरोखर अवघड आहे. आधी ओळभर शिरोरेषा ओढायची आणि मग हात न उचलता तिच्याखाली अक्षरं लिहीत जायची. दोन शब्दांत जागा सोडलेली नाही, तेव्हा एक कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे अर्थावरूनच काढायचं. आणि बाबा, तिथे ह्रस्व-दीर्घाची फारशी पर्वा नाही! सोसायटीच्या नोटिशीतल्या वेलांट्या लाल पेनाने दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे कसं मानवणार, याचीच मला उत्सुकता आहे. पुढे पेशवाईतल्या कागदांपर्यंत पोचलात तर तारखांची वेगळीच गंमत आहे. शुहूर सन ही तेव्हाची कालगणना, तिचे आकडे अरबी शब्दांत लिहिलेले असतात आणि त्यात 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन येतो. बँकेत चाळीस वर्षं व्याजाची गणितं केलेल्याला हे जड नाही. पुण्याच्या पुरालेखागारात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, ठेवलेत, आणि ते वाचू शकणारी माणसं थोडी. म्हणजे खरेदीखत संपलं तरी काम संपायचं नाही.

आई, तू मोडीला जायचं नाहीस.

हे मुद्दाम वेगळ्या ओळीत लिहिलंय. बाबा म्हणतील, "चल की तूही, घरी बसून काय करणार?" आणि तू जाशील, त्यांच्या शेजारी बसशील, ते तुझ्या वहीत डोकावून अक्षरं दुरुस्त करतील आणि महिन्याभरात तू डबा आणि पाण्याची बाटली सांभाळणारी होशील. तुमचा संसार छान झाला, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण वर्ग वेगवेगळे हवेत. संध्याकाळी एकमेकांना सांगायला काहीतरी असलं पाहिजे, जे दुसऱ्याला ठाऊक नाही.

तुझ्यासाठी मी आकाश ठरवलंय. हसू नकोस. मोतीबिंदू काढल्यावर तूच म्हणालीस ना, की निळा रंग इतका निळा असतो हे विसरूनच गेले होते? डोळ्यातलं भिंग वयानं पिवळं पडलेलं असतं, ते निळा प्रकाश अडवतं. ते काढलं की रंग परत येतो. हे तुला मी काय सांगावं, तुझं आयुष्य वॉर्डात गेलं. तर ते डोळे आता सीरियलवर वाया घालवू नकोस. टिळक स्मारक मंदिरातच ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, 1944 पासून. हौशी आकाशनिरीक्षकांची देशातली सगळ्यात जुनी संस्था. बाबा इतकी वर्षं त्याच वास्तूत व्याख्यानं ऐकून येतात आणि एकदाही घरी बोलले नाहीत!

तुला दुर्बिणीशी झटापट करायची नसेल तरी चालेल. रूपविकारी तारे म्हणून एक प्रकार असतो, ज्यांचं तेज कमी-जास्त होतं. ययाती तारकासमूहात अल्गोल नावाचा तारा आहे, दिवाळीनंतर संध्याकाळी ईशान्येला दिसतो. साध्या डोळ्यांनी. दर 2 दिवस 21 तासांनी तो मंद होतो, कारण त्याचा अंधुक जोडीदार त्याच्या आड येतो. पाचेक तासांत तेज तिसऱ्या हिश्शावर येतं आणि तेवढ्याच वेळात परत चढतं. शेजारच्या ताऱ्यांशी ताडून त्याची नोंद करायची: वेळ, तेज, आकाश कसं होतं. आई, नाइट ड्यूटीला दर चार तासांनी चार्ट भरण्यात तुझा जन्म गेला. अंदाजपंचे आकडा लिहिणाऱ्या शिकाऊ नर्सला तू कशी झापायचीस ते मी लहानपणी ऐकलंय. अगदी तीच शिस्त इथे लागते. अमेरिकेतली एक संस्था 1911 पासून जगभरातल्या हौशी लोकांच्या अशा नोंदी गोळा करते आणि शास्त्रज्ञ त्या वापरतात. जून ते सप्टेंबर पुण्यात आभाळ दिसणार नाही, तेव्हा पुस्तकं वाच. फेब्रुवारीच्या अखेरीस विज्ञान दिनाला नारायणगावजवळ खोडदची रेडिओ दुर्बीण लोकांना बघायला खुली ठेवतात. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. तिथे बाबांना ने, डबा त्यांना सांभाळू दे.

उरलं शिकवायचं. ते बाबांचं काम, आणि त्याला कुठेही जावं लागणार नाही. आपल्याच सोसायटीच्या हॉलमध्ये पंधरा दिवसांतून एकदा तासभर बसा. समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंना 'डिजिटल अरेस्ट'चा फोन आला, तेव्हा त्या एफडी मोडायला निघाल्या होत्या ना? असली अटक कायद्यात नाहीच, फोन ठेवायचा आणि 1930 या हेल्पलाइनला कळवायचं, हे त्यांना कुणी आधी सांगितलं असतं तर दोन रात्रींची झोप वाचली असती. नॉमिनीचंही तसंच. नोव्हेंबर 2025 पासून बँकेच्या ठेवीला चार जणांपर्यंत नॉमिनी करता येतात, हे निम्म्या सोसायटीला माहीत नसेल. आणि नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हे तर माहीत असलेल्यांनाही पटत नाही. तुम्ही हे जेवणाच्या टेबलावर आम्हाला शंभरदा ऐकवलंय. आम्ही सुटू, त्यांचा फायदा होईल.

जाण्यायेण्याचं म्हणाल तर आयडियल कॉलनीला मेट्रोत बसायचं, डेक्कनला उतरायचं. स्टेशनात लिफ्ट आहे, आईच्या गुडघ्यांना त्रास नाही. तिथून पुढे रिक्षा करा, रिक्षाच्या पैशांवरून भांडू नका. मुळशी रस्त्यावर राहायला गेलात तर हेच चांदणी चौकाच्या गर्दीतून करावं लागेल, आणि दोन-चारदा अडकलात की बाबा म्हणतील, "राहू दे, इथे भजन आहेच."

तरीही ते तुम्हाला दोन दिवस नमुन्यादाखल राहायला बोलावतायत तर जाऊन या. मॅनेजरशी बोलू नका. संध्याकाळी बाकावर बसलेल्यांशी बोला. चित्रकलेचा वर्ग कोण घेतं, राहणाऱ्यांपैकी कुणी की बाहेरून पगारावर आलेला मुलगा? शुक्रवारचा तज्ज्ञ पावसाळ्यात येतो का? राहणाऱ्या कुणाला स्वतःचा वर्ग काढायचा असेल तर खोली मिळते, की आधी अर्ज करावा लागतो? बाबांना खोली सहज मिळत असेल तर माझा विरोध निम्मा मावळला असं समजा. आणि एका बाबतीत ती जागा आपल्या कोथरूडपेक्षा सरस आहे, हेही लिहून टाकते: तिथे रात्री अंधार जास्त असेल. आपल्या गच्चीवरून अल्गोल दिसेल, पण समोरच्या जाहिरातफलकाच्या उजेडात त्याचे शेजारी ओळखायला आईला कष्ट पडतील. तेव्हा आई, तू एकच विचारून ये. गच्ची रात्री उघडी असते का, आणि किल्ली कुणाकडे असते.

डिसेंबरात येतेय. तोवर खरेदीखताचा फोटो काढून पाठवा, घडी जपून उघडा.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, कानाचं यंत्र कपाटात ठेवून वर्गात जाऊ नका. मोडी डोळ्यांनी वाचायची असली तरी शिकवणारे तोंडानेच शिकवतात.