दिवाळीला येता येत नाही, म्हणून हे पत्र

आयोवा, अमेरिका, ऑक्टोबर

ती. आई-बाबांस सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, थंडीचं नवं जाकीटही घेतलं.

आई, फोनवर तुझा आवाज भरून आला म्हणून नीट लिहिते. नोकरी सोडलेली नाही. प्रयोगशाळेचं काम सांभाळूनच आठवड्यातून दोन रात्री अ‍ॅम्ब्युलन्सवर असते. पगार नाही, त्यामुळे व्हिसाला धक्का नाही, वकिलाला आधीच विचारलं होतं. आणि रात्री एकटी जात नाही, पेशंट न्यायचा तर गाडीवर निदान दोघं लागतातच. दीडशे तासांच्या वरचं शिक्षण घेतलं, परीक्षा दिली, मगच हात लावू दिला.

बाबा, तुम्ही विचारलंत, एवढ्या श्रीमंत देशात हे गावकऱ्यांनी का करायचं? ९११ या इथल्या तातडीच्या नंबरवर फोन लगेच उचलतात, पण आमच्या गावात गाडी घेऊन येणार कोण? शाळेची बस चालवणारे काका, बँकेतली बाई, मका-सोयाबीनवाले दोन शेतकरी, आणि आता मी. पेजर वाजला की हातातलं टाकून निघायचं. अ‍ॅम्ब्युलन्स ठेवलीच पाहिजे अशी सक्ती या राज्यात नाही. २०२१ च्या कायद्याने जिल्ह्याला ती अत्यावश्यक सेवा ठरवता येते, पण तिच्यासाठी कर लावायचा तर ६० टक्के मतं पडावी लागतात.

तोवर खर्च भागवायला पॅनकेक. गाडी बाहेर काढून त्याच गॅरेजात टेबलं मांडतात. पॅनकेक म्हणजे आपल्या धिरड्यासारखा, पण जाड, मऊ, वर गोड पाक. सगळं गाव येतं. दर कुठेच लिहिलेला नसतो! दाराशी नुसता डबा. मी विचारलं, किती टाकू? तर वाढणाऱ्या आजी म्हणाल्या, तुला वाटेल ते. कोणी डब्याकडे बघत नाही, पावती नाही, फुकट खाल्लं तरी दुसऱ्यांदा आग्रहाने वाढतात. भंडारा म्हणावा तर देव नाही, खानावळ म्हणावी तर दर नाही. त्या डब्यातून ऑक्सिजनच्या नळ्या येतात.

पेशंटबद्दल बाहेर बोलायचं नसतं, म्हणून एवढंच. एक आजोबा हॉस्पिटल येईपर्यंत माझा हात धरून विचारत होते, मुलीला कळवलं का? बाबा, गेल्या वर्षी तुम्हाला जीपमधून साताऱ्याला नेलं तेव्हा हात शेजारच्या दादांनी धरला होता. मी अकराव्या दिवशी पोचले.

तेव्हा घाईत १०८ कोणालाच सुचलं नाही. आपल्याकडे २०१४ पासून आहे, पैसे लागत नाहीत, गाडीत डॉक्टर असतो. फोनजवळ मोठ्या आकड्यांत लिहून ठेवा, दादांच्या नंबरच्या वर.

दिवाळीला येत नाही. सुगी चालू आहे, ते दोघं शेतकरी दिवस-रात्र कापणी यंत्रावर असतात, गाडीवर माणसं कमी पडतात. आई, रागावू नकोस. तिकिटाचे वाचलेले पैसे पाठवतेय, त्यातून घराचे दोन हप्ते भरा आणि बाबांची तपासणी करून घ्या, पुढे ढकलू नका.

पुण्याच्या मुलाशी बोलले. पेजर वाजला म्हणून फोन मध्येच ठेवला, त्याच्या आईंना वाईट वाटलं असेल तर माझ्या वतीने सांग. तो म्हणाला, परत आलीस की फोन कर, कितीही वाजू देत. पहाटे तीनला केला, जागा होता. आवडला मला. पण तारखा एवढ्यात काढू नका, आधी त्याला इथलं सगळं सांगू दे.

तुमची,
छकुली