दुकानातला पंखा बंद करणाऱ्या दादांना

दादा,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पावतीवरही नुसतं ‘लॅपटॉप सर्व्हिसिंग’ एवढंच आहे. एप्रिलच्या भर दुपारी नवी पेठेतल्या तुमच्या दुकानात एक काकू चादरीत गुंडाळलेला जुना लॅपटॉप घेऊन आल्या होत्या, आठवतं? ती मी. तुम्ही मला काकू म्हणत होतात, मी तुम्हाला दादा, आणि वयाने तुम्ही माझ्या मुलाएवढे.

त्या दिवशी घाईत नुसतं ‘थँक्यू हं’ म्हणून निघाले. घरी आल्यावर वाटलं, एवढ्याने भागायचं नाही.

लॅपटॉप २०११ सालचा थिंकपॅड टी४२०. माझ्याकडे आला तोच सेकंडहँड. त्यावर मी रात्री पुस्तकांची मुद्रितं तपासते. दिवस बाबांचा असतो. अर्धांगवायूनंतर त्यांना रात्री एकटं ठेवता येत नाही, त्यामुळे माझं टेबल त्यांच्याच खोलीत. त्यांची झोप फार सावध. लॅपटॉप सुरू झाला की मिक्सरमध्ये चटणी वाटायला घेतल्यासारखा आवाज. बाबांना नीट बोलता येत नाही. ते नुसते या कुशीवरून त्या कुशीवर होत राहायचे. मग मी झाकण मिटायचे आणि काम दुसऱ्या दिवसावर जायचं. प्रकाशकाला किती वेळा ‘दोन दिवस द्या’ म्हणायचं?

तुमच्याआधी तिघांकडे जाऊन आले होते. पहिलं दुकान एसीचं. त्यांनी लॅपटॉप उघडून पाहिलाही नाही. “मॅडम, याला विंडोज ११ चालत नाही आणि १०चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. नवा घ्या, हप्ते करून देतो.” मी म्हटलं, यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली आहे, माझं सगळं काम त्यावर होतं. तर म्हणे, लिनक्सला आम्ही हात लावत नाही. जणू मी ओवळ्यात देवघरात शिरले होते! दुसऱ्याने आठ दिवस ठेवून घेतला आणि सांगितलं, पंखाच गेलाय, अडीच हजार लागतील. खालच्या स्क्रूंवरची धूळ मी दिली तशीच्या तशी होती. तिसरा नात्यातलाच, ‘कॉम्प्युटरमधला’. चहा पिता पिता त्याने इंटरनेटवरून काहीतरी उचलून टाकलं आणि म्हणाला, “आता बघ, गरमच होणार नाही.” त्या दिवसापासून मिक्सरची पिठाची गिरणी झाली.

म्हणून तुमच्याकडे येताना काही फार आशा नव्हती. तुम्ही लॅपटॉप सुरू केलात, दोन मिनिटं नुसतं बघितलंत आणि विचारलंत, “काकू, जरा पंखा बंद करू का? उकडेल थोडं.”

मला आधी कळेचना, कोणता पंखा. तुम्ही उठून छताचा पंखा बंद केलात. बाहेर सोलापूरचा एप्रिल. तुमच्या कपाळावरचा घाम मानेवर उतरला, पण तुम्ही लॅपटॉपच्या डाव्या बाजूच्या जाळीशी कान नेऊन बसला होतात. मध्येच एक गिऱ्हाईक डोकावलं, “लाइट गेली का ओ?” तुम्ही ओठांवर बोट ठेवलंत. तोही बिचारा गप्प उभा राहिला.

तीन महिन्यांत त्या यंत्राचं म्हणणं ऐकून घेणारं पहिलं माणूस तुम्ही. आणि खरं सांगू, माझंसुद्धा.

मग जाळीसमोर तळहात धरून म्हणालात, “आवाज एवढा, पण वारा बघा, फुंकर मारल्याएवढाही नाही. आत कोंडलंय.” पुढे म्हणालात, “आवाज चढत नाही, उतरत नाही. हा पंखा स्वतःहून फिरत नाहीये, त्याला कुणीतरी सांगून ठेवलंय. आणि खरखर नाही, म्हणजे बेअरिंग ठीक आहे. नवा पंखा नको.” अडीच हजारांचं निदान तुम्ही कानाने खोडून काढलंत.

उघडल्यावर पंखा आणि तांब्याच्या नळीजवळच्या पात्या यांच्यामध्ये जे निघालं ते तुम्ही वर्तमानपत्रावर ठेवून मला दाखवलंत. गोधडीचा तुकडाच जणू. मांडी भाजू नये म्हणून मी लॅपटॉप चादरीवर ठेवायचे. खालच्या जाळीतून हवा आत यायची ती वाटच चादरीने अडवलेली, आणि तिचा कापूस वर्षानुवर्षं आत ओढला गेलेला. गावाचं नाव काढणारी चादर माझ्या लॅपटॉपच्या नरड्यात बसली होती. तुम्ही हसला नाहीत, रागावलाही नाहीत. नुसतं म्हणालात, “पाटावर ठेवत जा.” प्रोसेसरवरची, उष्णता बाहेर वाहून नेणारी पेस्ट वाळून चुन्यासारखी झाली होती, ती बदललीत.

आणि त्या नात्यातल्या पाहुण्याने सेटिंगमध्ये टाकलेली ती ओळ! थिंकपॅडच्या पंख्याला लिनक्समधून शून्य ते सात अशा पायऱ्या देता येतात, ‘ऑटो’ ठेवला की तो त्याचा तो ठरवतो, आणि ‘डिसएंगेज्ड’ म्हटलं की कुणाचंच नियंत्रण न राहता जीव खाऊन फिरत सुटतो, हे मला तुमच्याकडून कळलं. आमच्या पाहुण्याने ते ‘डिसएंगेज्ड’च दर वेळी सुरू होताना लागेल असं लिहून ठेवलं होतं. लिनक्स असल्या खेळाला आपणहून परवानगी देत नाही म्हणे, ती मुद्दाम मागावी लागते. त्याने तीही मागितली होती. तुम्ही ओळ पुसलीत. पंखा हळूहळू खाली आला, मिनिटाचे फेरे साडेचार हजारांवरून दोन हजारांच्या आसपास. मग प्रोसेसरला जादा वेगाने पळवणारा ‘टर्बो’ही बंद केलात: “तुम्ही टाइपच करता ना? अडीच गिगाहर्ट्झ पुष्कळ झाले.” बॅटरीसाठी टीएलपी नावाचा, वीज जपून वापरायला लावणारा प्रोग्राम टाकून चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबेल असं केलंत, कारण माझा लॅपटॉप दिवसरात्र प्लगलाच असतो आणि कायम शंभरावर भरून ठेवलेली बॅटरी लवकर म्हातारी होते.

हे टीएलपी फुकट आहे, जर्मनीतल्या थॉमस कोख नावाच्या माणसाने लिहिलेलं, हे सांगताना तुमच्या आवाजात जरा अभिमान होता. तुमचं स्वतःचं काही असल्यासारखा. कुठला तो जर्मन, कुठले तुम्ही, कुठली मी. जुन्या वस्तूत अजून जीव आहे असं मानणारी माणसं जगात विखरून असतात बहुतेक. त्यांना जाहिरात करता येत नाही आणि त्यांच्या दुकानाला एसी नसतो.

पैसे विचारले तर चारशे म्हणालात, ते साफसफाई आणि पेस्टचे. मी म्हटलं, आणि त्या सेटिंगचे? “ओळ पुसायचे काय पैसे घ्यायचे काकू.”

त्या रात्री साडेबारापर्यंत मी सोळा पानांचा एक फर्मा पुरा केला. बाबा एकदाच हलले. डोळे उघडून टेबलाकडे बोट केलं, म्हणजे विचारत होते, बंद पडला का? मी पडदा त्यांच्याकडे वळवून दाखवला. परत झोपले.

लॅपटॉप आता पाटावर असतो, चादर धुऊन कपाटात ठेवली. सोमवारी बाबांची औषधं न्यायला नवी पेठेत येणार आहे, तेव्हा तुमच्यासाठी ताक आणि घरची शेंगाचटणी घेऊन येते. नको म्हणू नका. आणि आत कुणाचा लॅपटॉप ऐकत बसला असाल, तर मी बाहेर थांबेन.

तुमची,
पाटावरच्या थिंकपॅडवाली काकू