नक्षी म्यानावर, ताकद मुठीच्या आत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

केल्टिक, म्हणजे लोहयुगातल्या युरोपीय केल्ट लोकांच्या धाटणीची तलवार घडवायची म्हटली की बहुतेकजण पात्यावर गुंतागुंतीच्या गाठींची नक्षी कोरायला घेतात. ती नक्षी मध्ययुगीन आयरिश हस्तलिखितांतली. लोहयुगाशी तिचा संबंध नाही. स्वित्झर्लंडमधल्या ला तेन इथे १८५७ पासून निघालेल्या तलवारींचा कस पाहायचा तर म्यान पाहावं. वळणदार, वेलीसारख्या रेषा तिथे असतात, पातं बहुधा साधंच. इंग्लंडच्या पूर्व यॉर्कशायरमध्ये १९८७ साली सापडलेल्या कर्कबर्न तलवारीची नुसती मूठच लोखंड, ब्राँझ आणि शिंग यांच्या ३७ तुकड्यांची आहे, शिवाय लाल काचेचं काम. मेहनत घ्यायची ती अशा ठिकाणी.

आणि त्याआधी मुठीत शिरणाऱ्या शेपटीवर. पातं आणि शेपटी जिथे मिळतात तो कोपरा काटकोनात कापला की तलवार तिथेच मोडते, कारण प्रत्येक आघाताचा ताण त्या टोकावर साठतो. तिथे गोल कानशीने निदान ३ मिमी त्रिज्येची गोलाई द्यावी आणि कानशीचे आडवे ओरखडे पॉलिश करून घालवावेत. शेपटी अरुंद हवी, पण फार बारीक नको. तिचं टोक मऊच राहू द्यावं. कडक झालेलं टोक मुठीच्या बोंडावर, म्हणजे तिच्या शेवटच्या गोळ्यावर, ठोकून पसरवताना तडकतं.

साधारण ०.७५ टक्के कार्बनचं पोलाद घ्यावं. घडवून झाल्यावर तीन वेळा लाल करून हवेत निवू द्यावं, म्हणजे घणाने बसलेला ताण निघतो. पाणी देण्याआधी, म्हणजे तापलं पातं तेलात बुडवून कडक करण्याआधी, धार दीड ते दोन मिमी जाड ठेवणं अत्यावश्यक. उतावीळपणे पातळ केलेली धार तेलात लाटेसारखी वळते, नाहीतर चिरते. लोहचुंबक चिकटेनासा झाला की आणखी थोडं, ८०० अंश सेल्सिअसच्या जरा वर तापवून पातं ५०-६० अंशांच्या तेलात टोकाकडून सरळ उभं उतरवावं. आडवं हलवलं की एक बाजू आधी थंड होते आणि पातं वाकतं. धारेकडे जाणारे दोन्ही बाजूंचे उतार असमान घासले असतील तरी तेच होतं, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. लगेच सुमारे २५० अंशांवर दोन-दोन तास दोनदा टेम्पर करावं, म्हणजे पुन्हा तापवून ठिसूळपणा घालवावा. हे टाळलं तर पातं काचेसारखं ठिसूळ राहतं.

गॉलांच्या, म्हणजे केल्टांपैकीच एका गटाच्या, तलवारी पहिल्याच घावात वाकत, असं प्राचीन ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने लिहून ठेवलंय. धातुपरीक्षणात काही पाती खरोखर मऊ निघाली, पण पोलादी धारेचीही मिळाली; सरसकट हिणवणं अन्यायाचं आहे.

म्यान नेहमी पूर्ण झालेल्या पात्याच्या मापानेच करावं. ०.७ मिमीचे दोन पत्रे घेऊन एकाची कड दुसऱ्यावर दुमडावी. नक्षी मात्र दुमडण्याआधी, पत्रा सपाट असतानाच कोरावी. नंतर छिन्नीला खाली आधार मिळत नाही आणि पत्रा दबतो.

आपला,
एक वाचक