अक्का, फोनवर ऐकून घेत नाही म्हणून हे पत्र

अक्का,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभाराचा शब्द काढला की तुम्ही "बरं, लेकरं जेवली का?" म्हणून विषय संपवता. म्हणून चारचौघांत लिहितेय. नाव टाकत नाही. लातूरच्या आपल्या गल्लीत ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

मी लेकरं घेऊन माहेरी आले तेव्हा घरात रोज बैठक भरायची. मामा, चुलते, सोयरीक जमवणारे मध्यस्थ, झालंच तर एक माजी सरपंच. कुणी म्हणायचं नांदायला पाठवा, कुणी म्हणायचं उद्याच केस टाका. पण पोरीचं आधार कार्ड कुठंय, लग्नाची नोंद झालीय का, बँकेत तिच्या नावावर काही आहे का, हे एकानंही विचारलं नाही. ते तुम्ही विचारलं. शिरस्तेदार म्हणून कोर्टात नोकरी केलेली बाई तुम्ही, कागदाअभावी कुणाचं काय झालं ते डोळ्यांनी पाहिलेलं. "घटस्फोट घे की नको घे, ते मी सांगणार नाही. मी वकील पण नाही. पण त्या पायऱ्या चढायच्या असतील तर रिकाम्या हातानं चढू नको." आणि माझा बांध फुटला की ठरलेलं वाक्य: "आधी कागद गोळा कर, मग रड की किती रडायचं ते."

लग्नाची नोंद झालेलीच नव्हती. आता दोघांच्या सह्या कुठून आणायच्या म्हणून मी हातपाय गाळले, तर तुम्ही म्हणालात, नोंद नाही म्हणून लग्न खोटं ठरत नाही. पत्रिका, फोटो, रेशन कार्ड, लेकरांचे जन्मदाखले काढ.

मग निघालं ओटीपीचं. माझ्या आधारला नंबर यांचा. म्हणजे मी कुठंही काही करायला गेले की मेसेज यांच्या फोनवर वाजणार! तुम्ही मला आधी आधार केंद्रावर पाठवलंत, नंबर बदलून आणायला. मग बँकेत, कारण लाडक्या बहिणीच्या पैशासाठी उघडलेलं खातं माझ्या नावाचं असलं तरी त्यालाही नंबर यांचाच होता. मग व्हॉट्सॲपचं 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडायला लावलंत. दुकानातला कॉम्प्युटर तिथं जोडलेला दिसला. मी काय बोलते, कुणाशी बोलते, सगळं तिकडं आरामात वाचलं जात होतं. ज्या बाईला स्वतःच्या फोनवर वकिलाशी बोलता येत नाही तिनं केस टाकायची घाई करू नये, हे मला त्या दिवशी पटलं. आणि जुना फोन विकायचा नाही, मेसेज पुसायचे नाहीत, हेही तुमचंच. मोबाइलमधला पुरावा कोर्टात द्यायला नव्या साक्ष्य अधिनियमात कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, नुसत्या स्क्रीनशॉटच्या झेरॉक्सवर भागत नाही. यांचा फोन मात्र चोरून उघडायचा नाही, असा दमही दिलात.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो अल्बममध्ये. तुम्ही भिंग घेऊन बसलात आणि एकेका फोटोत माझ्या अंगावर काय काय आहे ते लिहायला लावलंत. हळदीच्या फोटोत पाटल्या आहेत, गंठण नाही. सप्तपदीला गंठण आलं, ते मामांनी घातलेलं. झुंबर आजीचं, त्याची पावती असणारच नाही, मग आजीच्या गळ्यातल्या-कानातल्यासकट तिचा जुना फोटो शोध. वहीत रकाने पाडले: वस्तू, कुणी दिली, कोणत्या फोटोत दिसते, शेवटची कुणाच्या कपाटात पाहिली. आईच्या ट्रंकेत सराफाच्या दोन पावत्या निघाल्या, रंग उडालेल्या, त्यांच्या झेरॉक्स काळ्या करून काढल्या. स्त्रीधन बाईचं एकटीचं, सासरी ठेवायला दिलं म्हणून सासरचं होत नाही, हे सुप्रीम कोर्टानं १९८५ सालीच सांगितलंय, हे तुम्ही झुंबराचा फोटो भिंगाखाली धरून सांगितलंत. आमच्या बैठकीतल्या एकाला तरी ते माहीत असेल का, देव जाणे.

तारखांचंही तसंच. "नेहमी मारायचे, कायम त्रास द्यायचे" असं लिहिलं की समोरचा वकील नेहमी म्हणजे कधी विचारतो आणि बाई गप्प होते, हे तुम्ही पाहिलेलं. मला तारखा आठवत नव्हत्या. तुम्ही जुनी कॅलेंडरं काढलीत. "येळवशीच्या आधी का नंतर? त्या दिवशी शेतात भज्जी झाली होती ना? मग घरी आल्यावर काय झालं?" येळवस, पोळा, धाकटीचं जावळ, सोयाबीनची रास, असं धरत धरत पानं भरली. दवाखान्याची एक चिठ्ठीही त्यातूनच आठवली.

मधेच मध्यस्थ बाँड घेऊन आले. फारकत लिहून द्या, पुढं काही मागणार नाही म्हणा, आणि मोकळ्या व्हा. वडील थकले होते, मलाही वाटलं संपवावं एकदाचं. तुम्ही दारातूनच ओरडलात, "काय करलालीस बाई? सही करलालीस का?" रूढी असेल आणि ती सिद्ध करता आली तर गोष्ट वेगळी, पण एरवी नोटरीच्या बाँडवर हिंदू लग्न मोडत नाही, त्याला कोर्टाचा हुकूमनामा लागतो. आपल्याकडं अशा बाँडवर किती जणींचं आयुष्य लोंबकळत राहिलंय, ते सांगू नये.

यांचं दुकान आणि शेत दोन्ही बीड जिल्ह्यात, म्हणून मला वाटायचं तारखांना तिकडंच जावं लागणार. बायको राहते तिथल्या कोर्टातही अर्ज करता येतो, २००३ पासून हिंदू विवाह कायद्यात तशी सोय आहे, हे कळल्यावर आईनं पहिल्यांदा धड जेवण केलं.

पैशाचं मात्र तुम्ही कडक बोललात. २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून पोटगीच्या अर्जात दोघांनाही मिळकतीचं आणि खर्चाचं शपथपत्र द्यावं लागतं, मग तुझा खर्च तुला माहीत नको? दूध, शाळेची रिक्षा, थोरल्याचे इन्हेलर, सगळं लिहून काढलं. त्यांच्या जमिनीचा सातबारा आणि आठ-अ ऑनलाइन काढला, त्यात चोरीचं काही नाही. यांच्या दुकानाच्या, म्हणजे कृषी सेवा केंद्राच्या, उद्घाटनाची पत्रिका माझ्याकडंच होती. पुढं त्यांच्या शपथपत्रात "मजुरी करून पोट भरतो" असं आलं, तेव्हा आमच्या वकीलबाईंनी ती पत्रिका शांतपणे पुढं केली.

वकीलबाईही तुमच्यामुळंच. माझी समजूत होती की सरकारकडून फुकट वकील मिळायला दारिद्र्यरेषेचं कार्ड लागतं. बाईला लागत नाही, तिच्या उत्पन्नाची अट नाही, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज दे, नाहीतर १५१०० ला फोन कर, असं तुम्ही सांगितलंत. कोऱ्या कागदावर सही कुणालाच द्यायची नाही, वकिलालाही नाही, हेही वर.

एका बाबतीत मी तुमचं ऐकलं नाही. लेकरांना काही सांगू नको म्हणालात. थोरल्याला मी सांगितलं, थोडक्यात, वडिलांना नावं न ठेवता. तो सहावीत आहे, त्याला सगळं दिसत होतं. अजूनही मला ते बरोबरच वाटतं, रागावायचं तर रागवा.

आता प्रकरण मध्यस्थीला गेलंय. तिथं दोघांच्या संमतीनं घटस्फोट घेण्याचं बोलणं चाललंय. वर्षभर वेगळं राहणं झालंच आहे. सहा महिन्यांची थांबायची मुदत कोर्टाला वाटलं तर माफही होते, २०१७ पासून. दागिन्यांची वही टेबलावर ठेवली, तेव्हा त्यांच्या वकिलांनी ती दोनदा वाचली आणि बाहेर जाऊन अशिलाशी बोलले. पाटल्या आणि गंठण द्यायला तयार आहेत. झुंबराचं अडलंय.

पुढची तारीख पोळ्यानंतरची आहे. तुम्ही येऊ नका. एक तर गुडघ्यानं ते जिने चढवत नाहीत, आणि तुम्ही आलात की सगळा स्टाफ तुमच्याभोवती गोळा होतो, माझा पुकारा कोण करणार?

तुमची,
गल्लीतली लेक