मराठी पानांचे जुने पत्ते बंद करू नका

संपादक महोदय,

तासगाव तालुक्यातल्या एका गावात मी वाचनालय सांभाळतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही द्राक्षाच्या फळछाटणीनंतरच्या कामांची पुस्तिका काढली. त्यात डाऊनी या द्राक्षवेलीवरच्या बुरशीजन्य रोगाच्या माहितीखाली एका शेतीविषयक संकेतस्थळाच्या मराठी पानाचा क्यूआर कोड छापला होता. पाऊस झाला, पानावर तेलकट डाग दिसला, की बागायतदार बागेतूनच तो स्कॅन करायचे.

यंदा त्या संस्थेनं मराठी, हिंदी, इंग्रजीसाठी तीन वेगळी डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे पत्ते, घेतली. आता तोच कोड स्कॅन केला की इंग्रजी मुखपृष्ठ उघडतं. परवा एकजण मोबाइल पुढं धरून म्हणाले, "अण्णा, तुमचं पान इंग्रजीत गेलं की!" त्यांची बाग पोंग्यात होती, म्हणजे छाटणीनंतर डोळे नुकते फुटत होते; शोधत बसायला वेळ कुणाला असतो?

मराठीला स्वतःचा पत्ता मिळाला याचा मला आनंदच आहे. पण घर बदलताना जुन्या प्रत्येक पानावरून त्याच मजकुराच्या नव्या पानावर '३०१ रिडायरेक्ट', म्हणजे वाचकाला आपोआप नव्या पत्त्यावर नेणारी कायमची सोय, लावायला हवा. सगळी पानं सरसकट मुखपृष्ठाकडं वळवणं म्हणजे वाचकाला वेशीवर सोडून देणं. जुन्या-नव्या पत्त्यांची यादी करणं किचकट असेल, पण ते एकदाच करायचं काम आहे.

दुसरं, २०१४ पासून देवनागरीत '.भारत' मिळतं, पण हिंदी, मराठी, कोकणी सगळ्यांना तेच. पत्ता देवनागरीत असला म्हणून पान मराठी ठरत नाही. एकाच मजकुराचं कुठल्या भाषेतलं पान कुठल्या पत्त्यावर आहे, हे सर्च इंजिनला कळावं म्हणून पानापानात 'एचरेफलँग'ची खूण घालावी लागते. भाषा बदलायचं बटणही त्याच विषयाच्या पानावर नेणारं हवं.

विकिपीडियानं सगळ्या भाषा एकाच डोमेनखाली ठेवल्या, मराठीसाठी पुढं फक्त 'एमआर' लावलं. मला तीच रीत बरी वाटते. तीन डोमेन घेतली की तिन्हींचं नूतनीकरण आलं, आणि पैसे कमी पडले तर पहिली गाळली जाईल ती मराठी, अशी मला भीती आहे. जुनं डोमेन तर कधीच सोडू नये. ते उद्या दुसऱ्या कुणी घेतलं, तर आमच्या पुस्तिकेतल्या कोडवर काहीही उघडेल.

संस्थेला आम्ही दोनदा ईमेल केला, उत्तर नाही. शिल्लक पुस्तिकांवर नव्या कोडचे कागद खळीनं चिकटवतो आहोत. वाटलेल्या तीनशे मात्र लोकांच्या घरी आहेत.

— एक ग्रंथपाल, ता. तासगाव, जि. सांगली