दूध, अंडी, लोणी: कशाऐवजी काय आणि किती

प्रिय ताई,

आई-बाबांना साष्टांग नमस्कार, मुलांना खूप प्रेम.

घरात दूध आणि अंडी बंद करायची असं तुम्ही सगळ्यांनी ठरवलंय, तर 'दुधाऐवजी काय' याचं एकच उत्तर शोधू नकोस. अंडं एका पदार्थात मिश्रण बांधून धरतं, दुसऱ्यात फुगवतं, तिसऱ्यात नुसता ओलावा देतं. तिथे त्याचं काम कोणतं ते आधी बघ, मग बदली ठरव. इकडे परदेशात तयार मिळतं ते सगळं बाजूला ठेवून घरी करता येईल तेवढंच लिहिते. मोठा चमचा म्हणजे 15 मिली, छोटा म्हणजे 5.

दुधापासून सुरुवात कर, आणि त्यातही सोया दुधापासून. 100 मिलीमध्ये साधारण 3 ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे गाईच्या दुधाच्या जवळपास. बदामाच्या दुधात जेमतेम अर्धा ग्रॅम. 100 ग्रॅम सोयाबीन 8 ते 10 तास भिजव, चोळून सालं काढ आणि एक लिटर उकळत्या पाण्यात वाट. गार पाण्यात वाटलं की दाण्यातलं एक एन्झाइम तेलाशी भिडतं आणि तो कच्चट, हिरवट वास येतो. 80 अंशांच्या वर ते निकामी होतं. मिक्सरचं भांडं अर्ध्याहून जास्त भरू नकोस, नाहीतर वाफेने झाकण उडेल. गाळून झालं की 15 ते 20 मिनिटं मंद आचेवर उकळ. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारी द्रव्यं असतात, ती या उकळण्यानेच निकामी होतात, म्हणून इथे घाई नको. पातेलं मोठं घे, फेस क्षणात वर येतो.

हे दूध गरम कॉफीत फाटतं. आंबटपणा आणि उष्णता एकत्र आली की प्रथिनं गोळा होतात. दूध कोमट करून कपात आधी घे, कॉफी मिनिटभर निवू दे आणि हळूहळू दुधावर ओत. केकसाठी ताकासारखं दूध हवं असेल तेव्हा हेच फाटणं कामाला येतं: 240 मिली सोया दुधात एक मोठा चमचा लिंबाचा रस, दहा मिनिटं थांब.

दहीही सोया दुधाचंच लागतं. अर्धा लिटर दूध गरम करून 43 अंशांपर्यंत निवव, एक छोटा चमचा साखर विरघळव, दोन मोठे चमचे तयार सोया दही विरजण म्हणून घाल आणि 8 तास उबेत ठेव. सोयात दुधातली साखर नसते, म्हणून जिवाणूंना खायला ही साखर. बदाम किंवा ओटच्या दुधात प्रथिनं फार कमी असल्याने स्टार्च घातल्याशिवाय ते घट्ट होत नाही, तिथे वेळ घालवू नकोस.

ओटचं दूध बुळबुळीत होतं ते जास्त वाटल्यामुळे. अगदी गार पाणी, 30 सेकंदांत मिक्सर बंद, आणि गाळताना कापड पिळायचं नाही. तापवलं की ते घट्ट होणारच, कारण त्यात स्टार्च आहे.

सायीच्या जागी काजू. 150 ग्रॅम काजू 4 तास भिजवून (घाईत 15 मिनिटं उकळून) 180 मिली पाण्यात लोण्यासारखे मऊ वाट. काजूतही स्टार्च असल्याने उष्णतेने रस्सा दाटतो आणि तळाला लागतो. शेवटच्या पाच मिनिटांत घाल, आच मंद ठेव, ढवळत राहा. नारळाचं दूधही शेवटीच, खळखळून उकळलं तर फुटतं.

बटरमध्ये सुमारे 80 टक्के स्निग्धांश असतो, उरलेलं बहुतेक पाणी. म्हणून 100 ग्रॅम बटरऐवजी 100 ग्रॅम तेल ओतलं की केक तेलकट होतो. 80 ग्रॅम तेल आणि एक मोठा चमचा पाणी घे. बिस्किटांना मात्र घट्ट चरबीच लागते, तेलात साखर फेटून हवा धरत नाही. तिथे गोठलेलं खोबरेल तेल वापर. ते 24 अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून उकाड्यात पीठ अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मग लाट.

आता अंडी. लोक सर्वांत जास्त इथेच फसतात. बांधण्यासाठी जवस: एक मोठा चमचा पूड, तीन मोठे चमचे पाणी, दहा मिनिटं. तार सुटली की एका अंड्याचं काम होतं. अख्खे दाणे चालत नाहीत, आणि पूड लवकर खवट होते, तेव्हा थोडीच कर आणि फ्रिजमध्ये ठेव. जवस बांधतं, पण फुगवत नाही. तीन-चार अंड्यांच्या केकमध्ये सगळीकडे जवस घातलं की आतून चिकट गोळा होतो. त्यापेक्षा अंडं लागतच नाही असा केक कर: 190 ग्रॅम मैदा, 200 ग्रॅम साखर, एक छोटा चमचा खाण्याचा सोडा, अर्धा छोटा चमचा मीठ, ओल्यात 240 मिली पाणी, 80 मिली तेल, एक मोठा चमचा व्हिनेगर. ओलं-कोरडं एकत्र झालं की लगेच 180 अंशांवर 30 ते 35 मिनिटं. मिश्रण तसंच ठेवलं तर वायू निघून जातो आणि केक बसतो. जास्त घोटलं तर तो चिवट होतो.

फेसासाठी काबुली चण्याचं पाणी. 2014 मध्ये जोएल रोसेल या फ्रेंच माणसाने ते अंड्याच्या पांढऱ्यासारखं फेटलं जातं हे दाखवलं, पुढच्या वर्षी त्याला अ‍ॅक्वाफाबा नाव पडलं. किती साधी आणि सुंदर गोष्ट आहे बघ! भिजवलेलं पाणी टाकून द्यायचं, शिजवलेलं घ्यायचं, मीठ न घालता. पातळ असेल तर पांढऱ्याइतकं दाट होईपर्यंत आटव आणि पूर्ण गार कर. दोन मोठे चमचे म्हणजे एका अंड्याचं पांढरं. भांड्याला तेलाचा अंश असला तर फेस धरणार नाही. नाहीतर 8-10 मिनिटांत घट्ट होतो.

आमलेटसाठी बेसन आणि तेवढंच किंवा थोडं जास्त पाणी, वीस मिनिटं मुरव. कच्चं चाखू नकोस, कडू लागतं. अंड्याचा वास काळ्या मिठातल्या गंधकाने येतो, पण आचेवर तो उडतो, म्हणून ते ताटात वाढताना भुरभुरव.

टोफू, म्हणजे सोया दुधाचं पनीर, बेचव लागतो याचं कारण आतलं पाणी. अर्धा तास वजनाखाली दाबून ठेव. रात्रभर गोठवून मग वितळवून पिळलास तर बर्फाने पडलेल्या भोकांत मसाला शिरतो. मुरवणाच्या मसाल्यात तेल घालू नकोस, ओल्या टोफूत ते शिरत नाही.

पाकिटावर केसिनेट किंवा व्हे (दोन्ही दुधापासूनच काढतात) दिसलं तर ते दूधच. 'लॅक्टोज-फ्री' हेसुद्धा दूधच.

आणि एक गोष्ट स्वयंपाकात भागत नाही: बी12 जीवनसत्त्व. आंबवलेले पदार्थ, स्पिरुलिना (शेवाळाची पूड) यांवर विसंबू नका. मोठ्यांनी रोज 10 मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून एकदा 2000 मायक्रोग्रॅमची गोळी, पहिल्या दिवसापासून. मुलांचा डोस डॉक्टरांना विचार. वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी किंवा फॉर्म्युलाऐवजी वर लिहिलेलं कुठलंही दूध द्यायचं नाही.

पहिलं सोया दही लागलं की कळव. पातळ राहिलं तर विरजण घालताना दूध किती गरम होतं तेही लिही.

तुझी,
धाकटी