बांगड्या इतक्या नीट फुटत नाहीत

संपादक साहेब, नमस्कार,

मी दांडिया बाजारात राहते, जन्म बडोद्याचाच. मागच्या आठवड्यात शहरातल्या एका गॅलरीत घरगुती हिंसाचारावरचं प्रदर्शन बघायला गेले, सोबत आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी होत्या, म्हणजे मीच ओढून नेलं त्यांना. नावं लिहीत नाही, ना गॅलरीचं ना मावशींचं.

प्रदर्शन वाईट होतं असं अजिबात नाही, मेहनत दिसत होती. एका काचेच्या पेटीत फुटलेल्या हिरव्या बांगड्या मांडलेल्या, वरून छान पिवळा लाईट. मावशी तिथे बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "ताई, बांगड्या इतक्या नीट फुटत नाहीत हो. काचेचा तुकडा मनगटात राहतो, दोन दिवस पीठ मळताना टोचतो." मी काय बोलणार यावर. बाजूला कॉलेजची दोन पोरं त्याच पेटीचा फोटो काढत होती. भिंतीवरचा मजकूर सगळा इंग्लिशमध्ये, गुजरातीत एक ओळ नाही, मराठीचं तर सोडूनच द्या, मावशींनी विचारलं काय लिहिलंय तर मी वाचून सांगायला गेले आणि खरं सांगू, दुसऱ्या परिच्छेदात मीच अडकले!

लोकांचा सहभाग म्हणाल तर दाराशी एक अभिप्रायाची वही. ती पण पेन नसलेली.

माझी भाची इथल्याच फाईन आर्ट्सला शिकलीये (१९५० पासूनची फॅकल्टी आपली, उगाच नाही बडोद्याचं नाव), तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, आत्या, हे बाहेर कधीचं करतायत लोक. मेक्सिकोत मोनिका मायर नावाच्या बाईंनी १९७८ साली बायकांना गुलाबी चिठ्ठ्या वाटल्या, या शहरात बाई म्हणून काय नकोसं वाटतं ते लिहा, आणि त्या चिठ्ठ्या म्युझियममध्ये दोरीवर चिमट्यांनी लावल्या, धुणं वाळत घालतात तशा. आणि कोलंबियात २०१६ च्या शांतता करारानंतर बंडखोरांनी खाली ठेवलेली ३७ टन शस्त्रं वितळवली, आणि युद्धात ज्या बायकांवर अत्याचार झाले त्यांच्याकडूनच हातोड्यांनी पत्रे ठोकून घेतले, त्यांचे साचे केले, त्यातून फरशी ओतली. डोरिस साल्सेदो त्या कलाकार. लोक आता त्या फरशीवरून चालतात. मला हे इतकं आवडलं की मी मावशींना पण सांगितलं, त्या म्हणाल्या, ठोकायला मिळालं असतं तर मी पण ठोकलं असतं.

आता कोणी म्हणेल की नुसतं बायकांना बोलावलं म्हणजे झालं, तर तसंही नाही. एखादीची ओढणी भिंतीवर लावली आणि नवऱ्याने ओळखली तर घरी गेल्यावर परत मार खायचा तिनेच ना? म्हणून नाव नको, ओळखू येईल अशी वस्तू नको, आणि आदल्या दिवशी मन बदललं तर मुकाट्याने परत द्यायची. शिवाय बघता बघता कोणाला रडू आलं तर बसायला एक खुर्ची, पाणी, शेजारी कोणीतरी समजूतदार बाई, आणि १८१ अभयमचा (गुजरातची बायकांसाठीची हेल्पलाईन) नंबर मोठ्या अक्षरात गुजरातीत, टॉयलेटमध्ये लावला तर अजून चांगलं कारण तिथे बाई एकटी असते. वेळेचं पण बघा, सकाळी ११ ते ५ मध्ये मावशींसारखं कोण येणार, त्या वेळात त्या चार घरची कामं करत असतात, त्या दिवशी पण दोन घरी खाडा करूनच आल्या होत्या.

आमच्या भजनी मंडळाचा हॉल गुरुवारी संध्याकाळी ६ नंतर रिकामा असतो, सतरंज्या आहेत, पंखा चालतो. पुढचं प्रदर्शन करायच्या आधी कलाकार मंडळींनी तिथे येऊन बसावं, चहा आमच्याकडून. मावशींना मी विचारून ठेवलंय, त्या येतील म्हणाल्या, फक्त फोटो काढायचा नाही ही त्यांची अट आहे.

– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा